अणूंचे वजन आणि अणूंची मोजदाद

वजन करणे आणि मोजणे या दोन भिन्न क्रिया आहेत. बाजारातून आपण नारळ मोजून घेतो आणि तांदूळ वजनावर घेतो. नारळ नगाने मोजता येतात. तांदळाचे दाणे मोजीत बसणे कोणालाही परवडणारे नाही. शिवाय किलोभर तांदळात दाणे किती, हा प्रश्न गृहिणीला कधी पडतही नाही.

रसायनशास्त्रज्ञाची स्थिती याहून चमत्कारिक आहे. त्याच्या हाती असतो तो केवळ तराजू. परंतु ज्या पदार्थांशी त्याला काम करावयाचे असते, ते परस्परांशी संयोग पावतात ते वजनाच्या हिशेबाने नव्हे, तर संख्येच्या हिशेबाने. कोळसा पूर्णपणे जळतो तेव्हा कार्बनच्या एका अणूशी ऑक्सिजनचे दोन अणू जोडले जातात. पावणेदोन नाहीत आणि सव्वादोनही नाहीत. म्हणजे निसर्ग मोजतो आणि माणूस तोलतो. अणू डोळ्यांना दिसत नाहीत, चिमट्यात धरता येत नाहीत, एकेक करून वेगळे ठेवता येत नाहीत. असे असता तोलून मोजावे कसे, हा रसायनशास्त्रापुढील एक मूलभूत प्रश्न होता.

‘अणुवस्तुमान एकक’ आणि ‘मोल’ ही दोन मापे या प्रश्नाच्या उत्तरातून निर्माण झाली. पाठ्यपुस्तकात ती पुष्कळदा वेगवेगळ्या ठिकाणी भेटतात आणि विद्यार्थी ती दोन स्वतंत्र गोष्टी समजून पाठ करतात. वास्तविक ती एकाच मापपट्टीची दोन टोके आहेत. एक टोक एका अणूपाशी आहे, तर दुसरे आपल्या तराजूच्या पारड्यात. ही गोष्ट ध्यानात आली, म्हणजे या विषयाचा दुर्बोधपणा बराचसा नाहीसा होतो.

गुंज आणि तोळा

मेट्रिक मापे प्रचारात येण्यापूर्वी आपल्या देशातील सोनार सोने गुंजांनी तोलीत असत. गुंज म्हणजे एका वेलीचे तांबडे, काळ्या ठिपक्याचे बी. उत्तर भारतात या मापाला रत्ती म्हणतात. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, असे हे कोष्टक होते. अर्थात एका तोळ्यात ९६ गुंजा होत.

आता अशी कल्पना करू, की एका सोनाराकडे दोन प्रकारचे मणी आहेत. पहिल्या प्रकारचा प्रत्येक मणी १२ गुंजा वजनाचा आणि दुसऱ्या प्रकारचा प्रत्येक मणी १६ गुंजा वजनाचा आहे. सोनाराने पहिले मणी १२ तोळे तोलून घेतले, तर ते किती भरतील? बारा तोळे म्हणजे १२ गुणिले ९६ गुंजा. प्रत्येक मणी १२ गुंजांचा असल्यामुळे मणी ९६ भरतील. दुसरे मणी त्याने १६ तोळे तोलून घेतले, तर तेही ९६ च भरतील. यावरून एक सोपा नियम हाती येतो: एक मणी जितक्या गुंजांचा असेल, तितके तोळे मणी तोलून घ्यावेत, त्यांची संख्या नेहमी ९६ असेल. एकही मणी न मोजता समान संख्या मिळविण्याची ही युक्ती आहे. येथे ९६ हा आकडा मण्यांचा गुणधर्म नाही, हे लक्षात ठेवावे. तो गुंज आणि तोळा यांच्यामधील प्रमाण दर्शवितो.

गुंजेच्या जागी अणुवस्तुमान एकक ठेवा, तोळ्याच्या जागी ग्रॅम ठेवा आणि मण्यांच्या जागी अणू ठेवा. कार्बनच्या एका अणूचे वस्तुमान १२ एकके आणि ऑक्सिजनच्या एका अणूचे सुमारे १६ एकके आहे. म्हणून १२ ग्रॅम कार्बनमध्ये जितके अणू, तितकेच अणू १६ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये. या समान संख्येच्या समूहाला मोल म्हणतात. सोनाराच्या ९६ च्या जागी जी संख्या येते, तिला ॲव्होगाड्रो संख्या असे नाव आहे. एका ग्रॅममध्ये अणुवस्तुमान एकके किती, या प्रश्नाचे ती उत्तर आहे. यापलीकडे तिच्यात गूढ असे काही नाही.

मात्र सोनाराला गुंजही दिसत होती आणि तोळाही. रसायनशास्त्रज्ञाला त्याची ‘गुंज’ दिसत नव्हती. ती किती ग्रॅमची, हे ठाऊक नसतानाच तिच्या आधाराने अणू तोलण्याचे काम त्याला सुरू करावे लागले. या कामात अर्धशतकाहून अधिक काळ जो गोंधळ माजला, त्याचा वृत्तांत आता पाहू.

पाण्याचे सूत्र कोणते?

अणुभारांचे पहिले कोष्टक इंग्लंडमधील मँचेस्टर येथील जॉन डाल्टन यांनी १८०३ मध्ये तयार केले आणि १८०८ मध्ये आपल्या ग्रंथात अणुसिद्धांताची सविस्तर मांडणी केली. हायड्रोजन हे सर्वांत हलके मूलद्रव्य. म्हणून त्याचा अणुभार त्यांनी १ मानला. इतर अणू हायड्रोजनच्या अणूच्या किती पट जड आहेत, एवढेच सांगावयाचे होते. हायड्रोजनच्या अणूचे प्रत्यक्ष वजन किती, हा प्रश्न बाजूला ठेवता येत होता.

परंतु येथे एक अडचण होती. आजच्या मापनानुसार पाण्यामध्ये १ ग्रॅम हायड्रोजनाशी सुमारे ८ ग्रॅम ऑक्सिजन संयोग पावलेला असतो. यावरून ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड आहे असे म्हणता येईल काय? पाण्याच्या रेणूत दोहोंचा एकेक अणू असेल, तरच हे म्हणता येईल. हायड्रोजनचे दोन अणू असतील, तर ऑक्सिजनचा अणुभार १६ ठरतो. तराजू केवळ वजनांचे प्रमाण सांगतो. रेणूतील अणूंची संख्या तो सांगत नाही. अणुभार काढावयाचा तर सूत्र हवे आणि सूत्र काढावयाचे तर अणुभार हवा, असे हे चक्र होते. डाल्टन यांनी सर्वांत साधी शक्यता खरी मानली आणि पाण्यात एकास एक असे अणू आहेत, असे ठरविले. या निवडीला दुसरा आधार नव्हता.

या चक्रातून बाहेर पडण्याचा मार्ग वायूंच्या अभ्यासातून मिळाला. फ्रान्समध्ये जोझेफ गे-ल्युसॅक यांनी १८०८ मध्ये असे दाखविले, की वायू परस्परांशी साध्या घनफळांच्या प्रमाणात संयोग पावतात. दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन यांपासून दोन लिटर वाफ तयार होते. इटलीतील तुरिनचे आमेदेओ ॲव्होगाड्रो यांनी १८११ मध्ये यावरून एक धाडसी अनुमान मांडले: समान तपमान आणि समान दाब असताना सर्व वायूंच्या समान घनफळांत रेणूंची संख्या समान असते.

हे अनुमान खरे मानले, तर एक लिटर ऑक्सिजनमधील रेणूंपासून वाफेचे दुप्पट रेणू तयार होतात, असे म्हणावे लागते. वाफेच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजन असतोच. म्हणजे ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूचे दोन भाग झाले पाहिजेत. तो दोन अणूंचा बनलेला असला पाहिजे. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू आहे, हेही याच विचारातून निष्पन्न होते.

आज हा तर्क सरळ वाटतो. त्या काळी तो पटला नाही. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू परस्परांना चिकटून कसे राहतील, अशी शंका घेतली गेली. स्वीडनचे थोर रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांच्या मते संयोग हा विरुद्ध विद्युत्‌भारांच्या आकर्षणामुळे घडून येत असे. सारख्याच दोन अणूंमध्ये असे आकर्षण संभवत नव्हते. परिणामी प्रत्येक देशात, किंबहुना प्रत्येक प्रयोगशाळेत, निराळे अणुभार आणि निराळी सूत्रे वापरली जाऊ लागली. जर्मन शास्त्रज्ञ केकुले यांनी १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसेटिक अम्लाची, म्हणजे ज्यामुळे शिरका आंबट लागतो त्या पदार्थाची, प्रचारात असलेली एकोणीस सूत्रे दिली आहेत. एका पदार्थाला एकोणीस सूत्रे असतील, तर दोन शास्त्रज्ञांनी परस्परांशी बोलावे तरी कसे?

कार्ल्सरूहे येथील परिषद

या गोंधळाचा निकाल लावण्यासाठी ३ ते ५ सप्टेंबर १८६० या दिवसांत जर्मनीतील कार्ल्सरूहे या नगरात युरोपातील सव्वाशेहून अधिक रसायनशास्त्रज्ञ एकत्र आले. परिषदेत चर्चा पुष्कळ झाली, एकमत झाले नाही. मात्र तेथे इटलीचे स्टानिस्लाओ कॅनिझारो यांनी आपल्या देशबांधवाचे विस्मृतीत गेलेले अनुमान आग्रहाने मांडले. परिषद संपताना त्यांनी १८५८ मध्ये लिहिलेल्या एका छोट्या पुस्तिकेच्या प्रती उपस्थितांना वाटण्यात आल्या.

कॅनिझारो यांची पद्धत अत्यंत सुबोध होती. समान घनफळांत समान रेणू असतील, तर दोन वायूंच्या समान घनफळांची वजने ही त्यांच्या एकेका रेणूच्या वजनांच्या प्रमाणात असली पाहिजेत. एक लिटर ऑक्सिजन एक लिटर हायड्रोजनाच्या सुमारे सोळापट भरतो; म्हणून ऑक्सिजनचा रेणूही हायड्रोजनाच्या रेणूच्या सोळापट जड. हायड्रोजनाच्या रेणूत दोन अणू आहेत, म्हणून त्याचा रेणुभार २ आणि ऑक्सिजनचा ३२. अशा रीतीने कोणत्याही वायूचा वा बाष्पाचा रेणुभार केवळ तोलून काढता येतो.

आता कार्बनची संयुगे घेऊ. दलदलीतून निघणाऱ्या मिथेन वायूचा रेणुभार १६ आहे; रासायनिक पृथक्करण केल्यास त्यांपैकी १२ भाग कार्बनचे आढळतात. कार्बन डायऑक्साइडच्या ४४ भागांत कार्बनचे १२ भाग, एथिलीनच्या २८ भागांत २४, ईथरच्या ७४ भागांत ४८ आणि बेंझिनच्या ७८ भागांत ७२ भाग असतात. हे सर्व आकडे बाराच्या पटीत आहेत. बारापेक्षा लहान आकडा कोठेही आढळत नाही. याचा अर्थ उघड आहे: कार्बनचा अणुभार १२ असून या रेणूंमध्ये त्याचे अनुक्रमे एक, एक, दोन, चार आणि सहा अणू आहेत. ज्या चक्रात रसायनशास्त्र पन्नास वर्षे फिरत होते, ते येथे भेदले गेले.

परिषदेस आलेल्या शास्त्रज्ञांपैकी लोथर मायर आणि रशियाचे मेंडेलेव्ह या दोघांवर या विचारांचा खोल परिणाम झाला. विश्वसनीय अणुभार हाती आल्यामुळेच मूलद्रव्यांची क्रमवार मांडणी शक्य झाली आणि १८६९ मध्ये मेंडेलेव्ह यांनी आपली सुप्रसिद्ध आवर्त सारणी प्रसिद्ध केली. ॲव्होगाड्रो यांना मात्र आपल्या अनुमानाचा हा विजय पाहावयास मिळाला नाही. १८५६ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

मापाचा आधार

अणुभार हे तुलनात्मक आकडे असल्यामुळे तुलनेसाठी कोणता अणू घ्यावा, हा सोयीचा प्रश्न होता. हायड्रोजनापेक्षा ऑक्सिजन अधिक मूलद्रव्यांशी संयोग पावतो, म्हणून पुढे ऑक्सिजनचा अणुभार बरोबर १६ मानण्याची प्रथा पडली. ही व्यवस्था सुरळीत चालली असताना विसाव्या शतकात एक नवी अडचण उद्भवली.

एकाच मूलद्रव्याचे सर्व अणू सारख्याच वस्तुमानाचे असतात, ही डाल्टन यांची समजूत चुकीची ठरली. रासायनिक गुण तेच, परंतु वस्तुमान भिन्न, अशा अणूंना समस्थानिक म्हणतात. क्लोरिनचे उदाहरण बोलके आहे. निसर्गातील क्लोरिनमध्ये शंभरांतील सुमारे ७६ अणू ३५ वस्तुमानांकाचे आणि २४ अणू ३७ वस्तुमानांकाचे असतात. म्हणून त्याचा अणुभार ३५.४५ येतो. ३५.४५ एकके वस्तुमानाचा क्लोरिनचा एकही अणू जगात नाही. ती केवळ सरासरी आहे.

१९२९ मध्ये जिओक आणि जॉन्स्टन या अमेरिकन शास्त्रज्ञांना ऑक्सिजनमध्येही १७ आणि १८ वस्तुमानांकांचे अणू अल्प प्रमाणात आढळले. तेव्हापासून दोन मापपट्ट्या अस्तित्वात आल्या. रसायनशास्त्रज्ञ निसर्गातील मिश्र ऑक्सिजनला १६ मानीत, तर भौतिकीविद केवळ ऑक्सिजन-१६ या समस्थानिकाला १६ मानीत. दोहोंमधील फरक दहा हजारांत पावणेतीन भाग इतकाच होता. तरी सूक्ष्म मापनात तो दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. अखेर १९६० आणि १९६१ मध्ये या दोन्ही शास्त्रांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी कार्बन-१२ हा समस्थानिक समान आधार म्हणून स्वीकारला. त्याच्या एका अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग म्हणजे अणुवस्तुमान एकक. यामुळे रसायनशास्त्रज्ञांच्या जुन्या आकड्यांत लाखात सुमारे चार भाग इतकाच बदल करावा लागला.

वाचकांच्या मनात येथे सहजच असा प्रश्न उद्भवेल, की अणुकेंद्रातील एका प्रोटॉनचे वस्तुमानच एकक म्हणून का घेतले नाही? याचे कारण असे, की सुटे कण एकत्र येऊन अणू बनतो तेव्हा ऊर्जा बाहेर पडते आणि तितक्या प्रमाणात वस्तुमान घटते. कार्बन-१२ मधील सहा प्रोटॉन, सहा न्यूट्रॉन आणि सहा इलेक्ट्रॉन सुटे तोलता आले, तर त्यांची बेरीज सुमारे १२.०९९ एकके भरेल. अणू मात्र बरोबर १२ एककांचा आहे. सुट्या प्रोटॉनाचे एकक घेतले असते, तर बहुतेक सर्व अणुभार पूर्णांकांपासून दूर गेले असते.

‘मोल’ आणि त्यातील संख्या

‘मोल’ हा शब्द जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात रूढ केला. रेणू या अर्थाच्या जर्मन शब्दाचे ते संक्षिप्त रूप आहे. किंमत या अर्थाच्या मराठी ‘मोल’ शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. गंमत अशी, की अणूंच्या अस्तित्वावर त्या काळी खुद्द ओस्टवाल्ट यांचाच विश्वास नव्हता. रेणुभाराइतके ग्रॅम घेतलेला पदार्थ, एवढाच त्यांच्या लेखी मोलचा अर्थ होता. त्यात किती रेणू आहेत, हे ठाऊक नसतानाही मोलच्या आधारे सर्व हिशेब अचूक येत असत. सोनाराला तोळ्यात गुंजा किती हे माहीत नसले, तरी समान संख्येचे मणी त्याला तोलून घेता आले असते, तसाच हा प्रकार होता.

ही संख्या मोजून अणूंचे अस्तित्व निर्विवाद ठरविण्याचे श्रेय मुख्यतः फ्रेंच शास्त्रज्ञ झां पेरँ यांना आहे. पृथ्वीवरील हवा जसजसे उंच जावे तसतशी विरळ होत जाते. हवेतील रेणू गुरुत्वाकर्षणामुळे खाली ओढले जातात आणि स्वतःच्या गतीमुळे वर पसरतात. या दोहोंचा हा समतोल असतो. कण जितका जड, तितकी ही विरळता लवकर येते. पेरँ यांनी १९०८ च्या सुमारास एका झाडाच्या पिवळ्या डिंकाचे अतिसूक्ष्म, एकसारख्या आकाराचे गोल कण पाण्यात सोडले आणि निरनिराळ्या उंचींवर ते किती आहेत, हे सूक्ष्मदर्शकातून पाहून मोजले. हवा निम्मी विरळ होण्यास काही किलोमीटर उंची लागते. हे कण काही शतांश मिलिमीटर उंचीतच निम्मे होत. कणाचे वजन ठाऊक होते. पाण्याच्या तरंगविणाऱ्या बलाची वजावट केली, की या दोन उंचींच्या तुलनेवरून वायूच्या एका रेणूचे वजन काढता येत होते. जो कण सूक्ष्मदर्शकातून दिसतो, तो न दिसणाऱ्या रेणूला तोलण्याचे माप ठरला. या प्रयोगांनंतर ओस्टवाल्ट यांनीही अणूंचे अस्तित्व मान्य केले. ॲव्होगाड्रो यांचे नाव या संख्येला पेरँ यांनीच १९०९ मध्ये सुचविले आणि १९२६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे या संख्येकडे नेणारे अनेक स्वतंत्र मार्ग सापडले. चांदीच्या क्षाराच्या द्रावणातून वीज नेली असता एक मोल, म्हणजे १०७.८७ ग्रॅम, चांदी साचण्यासाठी सुमारे ९६,४८५ कूलोम विद्युत्‌भार लागतो. चांदीच्या प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन खर्ची पडतो. म्हणून या भाराला एका इलेक्ट्रॉनच्या भाराने भागले, की मोलमधील अणूंची संख्या मिळते. निरनिराळ्या वाटांनी निघालेले प्रवासी एकाच गावी पोहोचावेत, तशी ही सर्व उत्तरे परस्परांशी जुळली.

ही संख्या ६,०२२ या आकड्यापुढे वीस शून्ये दिल्यास जेवढी होईल, सुमारे तेवढी आहे. १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल पाणी. ते एका मोठ्या चमच्यात मावते. त्यातील रेणू मोजावयास जगातील सुमारे ८०० कोटी माणसे बसली आणि प्रत्येकाने अहोरात्र सेकंदाला एक या गतीने मोजणी केली, तरी ती संपावयास सुमारे चोवीस लाख वर्षे लागतील.

मोल हा शब्द वापरताना एक सावधगिरी बाळगावी लागते. डझन म्हणताना कशाचे डझन हे जसे सांगावे लागते, तसे मोल म्हणताना कोणत्या कणांचा मोल हे सांगितले पाहिजे. ऑक्सिजनच्या अणूंचा मोल १६ ग्रॅमचा, तर रेणूंचा मोल ३२ ग्रॅमचा असतो. केवळ ‘ऑक्सिजनचा मोल’ असे म्हणणे संदिग्ध होय.

व्याख्येतील बदल

मोलला १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत मूलभूत एककाचे स्थान मिळाले. बरोबर १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू असतात, तितक्या कणांचा समूह म्हणजे मोल, अशी तेव्हाची व्याख्या होती. ती संख्या किती, हे प्रयोगाने शोधावे लागे आणि प्रत्येक नव्या मापनाबरोबर तिचे शेवटचे अंक बदलत.

ही मोजणी अधिक अचूक व्हावी म्हणून सिलिकॉन-२८ या जवळजवळ शुद्ध समस्थानिकाचे, सुमारे एक किलोग्रॅम वजनाचे व ९४ मिलिमीटर व्यासाचे, अत्यंत गुळगुळीत गोल तयार करण्यात आले. सिलिकॉनच्या स्फटिकात अणू सारख्या घनाकृती कोठड्यांत रचलेले असतात आणि प्रत्येक कोठडीच्या वाट्याला आठ अणू येतात. क्ष-किरणांच्या साहाय्याने एका कोठडीचे घनफळ मोजले आणि गोलाचे घनफळ त्याने भागले, की गोलातील अणूंची संख्या मिळते.

अशा मापनांच्या आधारे २० मे २०१९ पासून व्याख्या उलट करण्यात आली. आता ॲव्होगाड्रो संख्या ६०,२२,१४,०७६ या आकड्यापुढे पंधरा शून्ये, अशी कायमची निश्चित केलेली आहे. तितके कण म्हणजे एक मोल. कार्बन-१२ च्या एका मोलचे वस्तुमान आता व्याख्येने १२ ग्रॅम नाही. ते मोजून ठरवावे लागते. परंतु त्यातील फरक अब्जात सुमारे एका भागाइतकाच असल्यामुळे आपल्या हिशेबांत कोणताही बदल होत नाही.

तराजूपासून संख्येकडे

मोलचा नित्याचा उपयोग पाहावयाचा असेल, तर चुन्याच्या भट्टीकडे जावे. चुनखडीच्या रेणुसूत्रात कॅल्शियमचा एक, कार्बनचा एक आणि ऑक्सिजनचे तीन अणू येतात. त्यांची बेरीज ४०, १२ आणि ४८ मिळून १०० होते. भाजल्यावर ४४ भाराचा कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ भाराचा कळीचा चुना उरतो. म्हणून शंभर किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलोंहून अधिक चुना कोणत्याही भट्टीवाल्याला मिळू शकणार नाही. जे एका कणाच्या बाबतीत एककांत खरे, तेच गाडीभर मालाच्या बाबतीत किलोंत खरे असते.

परंतु तोलणे आणि मोजणे यांमधील भेद जीवनमरणाचाही होऊ शकतो. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून पश्चिम बंगालमध्ये आलेल्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली. सीमेजवळच्या बनगाव येथे शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा साठा अपुरा पडू लागला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडाने पाजावयाच्या द्रावणाचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लूकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असे त्याचे प्रमाण होते. तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ३० होते. या उपचाराखाली ते शेकडा ४ हून कमी झाले.

हे आकडे वजनाने पाहिले, तर साखर भरमसाट आणि मीठ नाममात्र असे वाटते. मोलमध्ये पाहिले, की चित्र पालटते. बाजारात मिळणाऱ्या स्फटिकरूप ग्लूकोजच्या रेणूबरोबर पाण्याचा एक रेणू असतो. त्याचा भार १८० आणि १८ मिळून १९८. म्हणून २२ ग्रॅम म्हणजे मोलचे १११ सहस्रांश. मिठाचा भार ५८.५; ३.५ ग्रॅम म्हणजे ६० सहस्रांश. सोड्याचा भार ८४, २.५ ग्रॅम म्हणजे ३० सहस्रांश. मीठ आणि सोडा या दोहोंतही सोडियम आहे. त्याचे एकूण ९० सहस्रांश झाले. म्हणजे १११ ला ९०, असे हे जवळजवळ तुल्यबळ जोडीदार आहेत.

या जोडीला महत्त्व आहे. पटकीने आजारी झालेले आतडे नुसते मीठपाणी नीट शोषून घेऊ शकत नाही. परंतु आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट वाहक प्रथिने ग्लूकोज आणि सोडियम यांना जोडीने आत नेतात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. हे वाहक कणांची संख्या जाणतात, त्यांचे वजन जाणत नाहीत. शिवाय द्रावण पाणी कोणत्या बाजूला ओढील, हेही कणांच्या संख्येवर ठरते. मीठ आणि सोडा विरघळल्यावर प्रत्येकाचे दोन आयन होतात. त्यामुळे ग्लूकोजचे १११, मिठाचे १२० आणि सोड्याचे ६० मिळून एका लिटरमध्ये २९१ सहस्रांश मोल कण होतात. माणसाच्या रक्तद्रवातील ही संख्या २९० च्या आसपास असते. द्रावण याहून फार दाट झाले असते, तर त्याने शरीरातीलच पाणी आतड्यात ओढले असते.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात निर्जल ग्लूकोज २० ग्रॅम घेण्यात आला. २० ग्रॅमला १८० ने भागले तरी उत्तर १११ सहस्रांशच येते. वजन बदलले, संख्या तीच राहिली. २००२ मध्ये हे सूत्र सौम्य करण्यात आले, तेव्हा ग्लूकोज आणि सोडियम या दोहोंची संख्या प्रत्येकी ७५ सहस्रांश ठरविण्यात आली. पुडीवर ग्रॅम छापलेले असतात. ते ज्या विचारातून आले, तो विचार मोलचा आहे.

डाल्टन यांनी अणूंची तुलना केली, ॲव्होगाड्रो यांनी समान संख्येचा मार्ग दाखविला, कॅनिझारो यांनी तो रुळविला आणि पेरँ यांनी प्रत्यक्ष गणना केली. या दीर्घ प्रयत्नांचे फळ एका साध्या सोयीच्या रूपाने आपल्या हाती आले आहे. कोष्टकातील आकडा एका अणूसाठी वाचावा तर एककांत वाचावा, पारड्यासाठी वाचावा तर ग्रॅममध्ये वाचावा. जे दिसत नाही, ते तोलून मोजण्याची विद्या ती हीच.